शब्दाचा धनी कोण?

घरात नवी वस्तू आली की वडीलधाऱ्या मंडळींत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, आता मुलांचे भाग्य उघडले. दुसरा म्हणतो, आता मुले हातची गेली. रेडिओ आला तेव्हा असेच झाले, दूरदर्शन आले तेव्हा असेच झाले, आणि खिशात मावणारा फोन आला तेव्हाही ह्याहून निराळे काही घडले नाही. मुले मात्र ह्या वादात पडत नाहीत. आपला वाद संपण्याच्या आत ती ती वस्तू हाताळून मोकळी होतात.

सध्या जिच्यावरून हा वाद चालू आहे तिला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो. नाव भारदस्त आहे. मुलांच्या लेखी मात्र ते एक बोलके यंत्र आहे. प्रश्न विचारावा, उत्तर मिळावे. निबंध मागावा, निबंध मिळावा. चॅटजीपीटी हे ह्या जातीचे यंत्र ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्याची अनेक भावंडे घरोघरच्या फोनमध्ये येऊन बसली. शाळाही मागे राहिलेल्या नाहीत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० पासूनच नववीच्या विद्यार्थ्यांसाठी हा ऐच्छिक विषय ठेवला होता. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जाहीर केले की २०२६-२७ ह्या शैक्षणिक वर्षापासून त्याची ओळख तिसरीपासूनच करून द्यावयाची. तेव्हा मुलांनी ह्या यंत्राशी बोलावे की नाही, हा प्रश्न आता मागे पडला आहे. कसे बोलावे, त्याचे किती ऐकावे आणि कोठे थांबावे, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो शाळेचा जितका आहे तितकाच, किंबहुना अधिक, घराचा आहे.

ह्या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे वाचक विचारतील तर ते योग्यच होईल. हाच प्रश्न मुलांनी त्या यंत्रालाही विचारावा, हे सांगण्यासाठी तर हा लेखप्रपंच आहे. मी अभियंता नाही, शिक्षिका नाही. बी. ए. झाल्यावर भाषांतराच्या कामाला लागले, त्याला आता बारा वर्षे झाली. मासिकाचा जो अंक आपल्या हाती मराठीत येतो, त्यातील पुष्कळसा मजकूर मूळ हिंदीत वा इंग्रजीत लिहिलेला असतो. तो मराठीत आणणे, दुसऱ्याने आणलेला असल्यास तपासणे आणि शंका आली की मूळ लेखकाला पत्र घालून विचारणे, हा माझा नित्याचा उद्योग. माझे माहेर काशीचे. ब्रह्माघाटाजवळच्या एका गल्लीत आमच्या चार पिढ्या गेल्या. बाहेर हिंदी आणि उंबऱ्याच्या आत मराठी, असा आमच्या घराचा रिवाज आहे. दोन भाषांच्या मधल्या उंबरठ्यावर ज्याचे बालपण गेले, त्याला शब्द किती फसवे असतात हे निराळे शिकवावे लागत नाही.

शिवाय ह्या यंत्राचा आणि आमच्या व्यवसायाचा संबंध जुना आहे. ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम कंपनी ह्यांनी मिळून एक जाहीर प्रयोग केला. त्यांच्या यंत्राला अवघे २५० शब्द आणि व्याकरणाचे ६ नियम ठाऊक होते. तेवढ्या भांडवलावर त्याने साठाहून अधिक रशियन वाक्ये इंग्रजीत आणून दाखविली. वर्तमानपत्रांनी त्याचा गाजावाजा केला, आणि तीन ते पाच वर्षांत भाषांतराचा प्रश्न मिटेल असे प्रयोगकर्त्यांनी सांगितले. परंतु बारा वर्षांनी, १९६६ साली, अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने अहवाल दिला तो असा की, यंत्राचे भाषांतर माणसाच्या भाषांतराहून संथ, अधिक चुकीचे आणि अधिक खर्चाचे आहे. त्यानंतर त्या संशोधनाला मिळणारा पैसा आटला.

आज मात्र हे चित्र पालटले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. १७ डिसेंबर २०२३ रोजी माझ्याच गावात, काशीच्या नमो घाटावर, दुसऱ्या काशी तमिळ संगमम् ह्या सोहळ्याचे उद्घाटन झाले. त्या वेळी पंतप्रधानांचे हिंदी भाषण ‘भाषिणी’ ह्या शासकीय योजनेच्या साहाय्याने तेथल्या तेथे तामिळमध्ये रूपांतरित करून श्रोत्यांना ऐकविण्यात आले. ज्या गंगेकाठी तामिळ यात्रेकरू आणि काशीचा नावाडी बोटांच्या खुणांनी भाव ठरविताना मी लहानपणापासून पाहिले, तेथेच हे घडले. भाषांतरकार म्हणून मला त्याचे वैषम्य वाटावे, अशी काही मित्रांची अपेक्षा होती. तसे काही वाटले नाही. दोन माणसांमधील भिंत पडत असेल तर ती कोणाच्या हातून पडते ह्याचा हिशेब करीत बसू नये. मात्र भाषांतर ऐकणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: आपण ऐकतो ते मूळ वक्त्याचे शब्द नव्हेत, मधल्या कोणाचे तरी आहेत. मुलांना हीच जाणीव कशी द्यावी, हा आपला विषय.

त्यासाठी प्रथम ते यंत्र बोलते कसे, हे मुलांना ठाऊक असले पाहिजे. त्यासाठी गणित लागत नाही. एक खेळ पुरतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत क्लॉड शॅनन नावाचे गणिती होते. १९५१ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माणसाला छापील मजकूर अक्षराअक्षराने झाकून दाखवावयाचा आणि पुढचे अक्षर ओळखावयास सांगावयाचे, असा त्यातील प्रयोग होता. भाषा जाणणारा माणूस पुष्कळ वेळा बरोबर ओळखतो, कारण भाषेत पुढे काय येणार ह्याची खूण मागच्या मजकुरातच दडलेली असते. आजची बोलकी यंत्रे हाच खेळ फार मोठ्या प्रमाणावर खेळतात. त्यांना अफाट मजकूर पुरविलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दांमागून कोणता शब्द येणे संभवनीय आहे, हे ती शिकतात. मग माणसे त्यांची उत्तरे पारखून त्यांना वळण लावतात. तरीही शब्दामागून शब्द ओळखणे हाच त्यांच्या बोलण्याचा गाभा राहतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी माहेरी गेले असता भावाच्या मुलांबरोबर हा खेळ खेळले. भाची सातवीत आहे आणि भाचा चौथीत. मी वाक्य दिले, “सकाळी उठल्याबरोबर आजी गरम गरम...” आणि थांबले. भाची तत्क्षणी म्हणाली, “चहा!” शेजारची दोन मुले आली होती, तीही म्हणाली, “चहा!” भाचा मात्र विचारात पडला आणि म्हणाला, “पण आत्या, आपली आजी चहा घेतच नाही. ती दूध घेते.” त्या पोराने जे सांगितले त्याहून चांगले मला सांगता आले नसते. ‘चहा’ हे उत्तर संभवनीय होते. ‘दूध’ हे उत्तर खरे होते. चहा म्हणण्यासाठी भाषा येणे पुरेसे होते, दूध म्हणण्यासाठी आजीकडे पाहिलेले असावे लागले. यंत्राने जगातील हजारो आज्यांविषयी वाचलेले असते, परंतु तुमच्या आजीकडे त्याने पाहिलेले नसते. जेथे संभवनीय आणि खरे एकच असते तेथे ते अचूक बोलते. आणि असे पुष्कळदा असते, म्हणूनच त्याचा उपयोगही होतो. जेथे दोहोंत अंतर पडते तेथेही ते त्याच ठाम, त्याच गोड आवाजात बोलते. आवाजावरून फरक ओळखता येत नाही. मुलांनी शिकावयाची पहिली गोष्ट ही.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. यंत्राला जो मजकूर पुरविला जातो त्यात सर्व भाषांचा वाटा सारखा नसतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असणारे लोक ८ कोटी ३० लाख आहेत. परंतु विकिपीडिया ह्या मुक्त ज्ञानकोशात इंग्रजीतील लेख सत्तर लाखांच्या घरात, तर मराठीतील लेख एक लाखाच्या आसपास. जे ह्या कोशात तेच थोड्याफार फरकाने इतरत्र. यंत्राने इंग्रजी पोटभर खाल्ली आहे, हिंदी त्याहून कमी, आणि मराठी तोंडी लावण्यापुरती. त्यामुळे त्याच्या मराठीत मधूनमधून शेजारच्या भाषेचा वास येतो. हा दोष यंत्राच्या दुष्टपणाचा नव्हे. आपण आपल्या भाषेत किती लिहिले आणि किती लिहिले नाही, त्याचेच ते प्रतिबिंब आहे.

ह्याचा अनुभव त्याच सुटीत आला. आमच्या भागातील मराठी कुटुंबांत मुलांच्या भाषणांची एक लहानशी स्पर्धा व्हावयाची होती आणि भाचीने ‘मुलींचे शिक्षण’ हा विषय घेतला होता. भाषण तिने यंत्राकडून लिहून आणले आणि आजीला, म्हणजे माझ्या आईला, वाचून दाखविले. त्यातले एक वाक्य असे होते: “शिक्षा हा प्रत्येक मुलीचा जन्मसिद्ध अधिकार आहे.” आई हसली. म्हणाली, “अगं, कोणत्या गुन्ह्याची शिक्षा? जन्मली म्हणून?” वाचकांपैकी जे महाराष्ट्रात राहतात त्यांनाही हसू येईल. परंतु भाची हसली नाही. ती म्हणाली, “आजी, त्याने लाखो पुस्तकं वाचलीत. तुला जुनं मराठी येतं, म्हणून तुला तसं वाटतं.”

आई काही बोलली नाही. तिने पुढ्यातला कापूस ओढला आणि ती वाती वळू लागली.

एक शब्द चुकला एवढीच ती गोष्ट असती तर मी ती येथे लिहिली नसती. आमच्या घरात मराठी टिकली ती शाळेने नव्हे. काशीत जन्मलेल्या, हिंदी शाळांत शिकलेल्या मुलांच्या चार पिढ्यांना मराठी मिळाली ती आज्यांच्या तोंडून: ओव्यांतून, रागावण्यातून, शेजारणीशी केलेल्या गप्पांतून. त्या भाषेचा दुसरा साठा त्या गल्लीत नाही. बारा वर्षांच्या मुलीच्या मनात ‘यंत्राला येते, आजीला येत नाही’ हे एकदा बसले की ती आजीला विचारणे सोडून देईल, आणि न विचारलेली आजी सांगणेही सोडून देईल. मला त्या वातींकडे पाहून भीती वाटली ती ह्याची.

मी भाचीला रागावले नाही. रागावून आजीचा अधिकार परत मिळत नसतो. मी तिला म्हटले, “आता त्यालाच विचार, मराठीत शिक्षा म्हणजे काय?” तिने विचारले. यंत्राने क्षणात उत्तर दिले की मराठीत शिक्षा म्हणजे दंड. विद्या शिकणे ह्या अर्थी ‘शिक्षण’ म्हणावे. आणि वर क्षमाही मागितली. भाची त्या उत्तराने अधिकच गोंधळली. “ठाऊक होतं तर आधी तसं का लिहिलं?” ती म्हणाली. हा प्रश्न तिच्या तोंडून निघाला तेव्हा माझे अर्धे काम झाले. त्याच्याकडे कोठेतरी माहिती होती, परंतु लिहिताना ती त्याच्या पुढे आली नाही. आणि आपण चुकलो आहोत हे विचारल्यावाचून त्याने सांगितले नाही.

मग आम्ही तिघी बसलो. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे. सहा वेदांगांपैकी एकाचे नावच शिक्षा आहे आणि त्यात वर्णोच्चाराचा विचार आहे. हिंदीने तो अर्थ राखला, मराठीने दंडाचा अर्थ धरला. म्हणजे यंत्राने अगदीच निराधार लिहिले नव्हते. ह्यावर भाचीने काढलेला निष्कर्ष मला आवडला: “ते खोटं नाही बोललं, पण मराठी नाही बोललं.” त्यानंतर आई स्वतःहून शब्द सांगू लागली. संसार म्हणजे हिंदीत जग, आपल्याकडे घरप्रपंच. राग म्हणजे तिकडे प्रीती, आपल्याकडे संताप. चेष्टा म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. सही तिकडे बरोबर, इकडे स्वाक्षरी. खाली तिकडे रिकामे, इकडे तळाशी. वहीची दोन पाने भरली. ज्या घरांत मुले दोन भाषांत वाढतात, मग ती काशीत असोत, इंदुरात असोत वा बेळगावात, त्यांनी अशी वही जरूर करावी आणि त्या शब्दांची वाक्ये यंत्राकडून लिहवून घेऊन पाहावीत. कधी ते बरोबर लिहील, कधी घसरेल. ते केव्हा घसरते हे शोधण्यात मुलांना जी गंमत वाटते, तीच पुढे पारख होते.

येथे थांबले तर ह्या लेखाचे तात्पर्य ‘यंत्रापेक्षा आजी खरी’ असे होईल, आणि ते मुलांवर अन्याय करणारे होईल. आज्याही चुकतात. दोनच दिवसांनी राणी लक्ष्मीबाईचा विषय निघाला. राणी आमच्या गावची. माहेरचे नाव मणिकर्णिका, आणि भदैनीला तिचे जन्मस्थान म्हणून स्मारक आहे. आई म्हणाली, तिचा जन्म १८३५ सालचा. भाचीने यंत्राला विचारले, ते म्हणाले १८२८. दोघींनीही आपापले साल मोठ्या खात्रीने सांगितले. आम्ही पुस्तके काढली, तो दोन्ही साले सापडली. अभ्यासकांतच मतभेद आहेत; इतकेच नव्हे तर तिच्या मृत्यूचा दिवस काही ठिकाणी १७ जून १८५८ आणि काही ठिकाणी १८ जून असा आढळतो. तेव्हा ‘अमुक ग्रंथाप्रमाणे १८३५, परंतु पुष्कळ ठिकाणी १८२८’ असेच प्रामाणिक उत्तर देता येते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते लांबट वाटेल, पण ज्ञान पुष्कळदा असेच लांबट असते, हे मुलांना जितक्या लवकर कळेल तितके बरे.

“मग छापलेलं तरी खरं ना?” भाचीने विचारले. तिला मी वरसईच्या विष्णुभट गोडशांची हकीकत सांगितली. १८५७ च्या धामधुमीत हे गृहस्थ उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले; डोळ्यांनी पाहिलेले ते सारे त्यांनी पुढे ‘माझा प्रवास’ म्हणून लिहून काढले. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी ते छापले, परंतु छापताना मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केला तो १९६६ साली. साठ वर्षे लोक वैद्यांची प्रत गोडशांचीच म्हणून वाचीत होते. छापलेल्या पुस्तकातही मधला हात असतो. तथापि एक भेद आहे. वैद्य आणि पोतदार ह्यांची नावे पुस्तकावर आहेत, मूळ पोथी जपून ठेवलेली होती, म्हणून फरक काढता आला. जेथे माग ठेवलेला असतो तेथे चूक दुरुस्त होते. यंत्राच्या उत्तराला असा माग पुष्कळदा नसतो. अलीकडची काही यंत्रे आपण कोठून घेतले ते दाखवितात. मुलांना तो दाखला उघडून वाचावयास लावावे, कारण दाखल्यात एक आणि उत्तरात दुसरेच असेही घडते.

ह्या सर्वांतून आमच्या घरात तीन प्रश्नांचा नेम ठरला आणि तो भाच्याने स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीवर लावला. पहिला प्रश्न: हे कोणी सांगितले? दुसरा: हे आणखी कोठे पडताळून पाहता येईल? तिसरा: हे चुकले तर उत्तर कोण देईल? गंमत म्हणजे हे तीन प्रश्न यंत्रापुरते राहिले नाहीत. शेजारच्या काकूंनी फोनवर आलेला एक औषधाचा उपाय सांगितला तेव्हा चौथीतल्या भाच्याने अत्यंत नम्रपणे तिसरा प्रश्न विचारला, आणि काकू विचारात पडल्या.

आणखी दोन गोष्टी पालकांच्या कानावर घालणे अवश्य वाटते. एक अशी की, मुलाने आधी स्वतःच्या चार ओळी लिहाव्यात, मग यंत्राला विचारावे. भाषांतराच्या कार्यालयात नवशिक्याला प्रथम दुसऱ्याचा तयार मसुदा दिला तर त्याची भाषा कधीच तयार होत नाही. तो आयुष्यभर दुसऱ्याच्या वाक्यांतील स्वल्पविराम हलवीत बसतो. स्वतःचे वाक्य घडविताना जी झटापट होते तीच विचार शिकविते. भाचीने ते भाषण शेवटी पुन्हा लिहिले. ते पहिल्याइतके सफाईदार नव्हते. परंतु आपली पणजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी पाटीवर अक्षरे गिरवावयास शिकली, ही हकीकत त्यात होती. ती तिला आजीने सांगितली होती आणि कोणत्याही यंत्राला ती ठाऊक असणे शक्य नव्हते.

दुसरी गोष्ट जिव्हाळ्याची. हे यंत्र ऐकून घेते, कंटाळत नाही, रागावत नाही. त्यामुळे एकटे मूल त्याला मित्र समजू लागते. ही भुरळ आजची नव्हे. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम ह्या अमेरिकन प्राध्यापकाने ‘एलायझा’ नावाची एक संगणकीय करामत प्रसिद्ध केली. समोरच्याचे वाक्य उलटून त्यालाच प्रश्न म्हणून विचारावयाचे, एवढेच तिला येत असे. तरीही त्यांच्या स्वतःच्या चिटणीस बाईंनी तिच्याशी थोडे बोलल्यावर प्राध्यापकांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली, असे त्यांनीच पुढे लिहिले आहे. सज्ञान माणसाची ही गत, तर मुलांची काय कथा! आपल्याकडे २०२३ साली झालेल्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. परंतु कायदा दारापर्यंत येतो. घरात आपणच असतो. घरातील भांडणे, आजारपणे, पत्ते, छायाचित्रे यंत्रापाशी उघड करू नयेत, हे मुलांना समजावून सांगावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मूल आपल्याला सोडून यंत्रापाशी मन का मोकळे करते, ह्याचा शोध घ्यावा. पुष्कळदा त्याचे कारण यंत्राच्या चातुर्यात नसते, आपल्या घाईत असते.

तिसऱ्या प्रश्नाकडे शेवटी पुन्हा येते, कारण सगळ्याचे मर्म मला त्यात दिसते. एकनाथ महाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीत पूर्ण केली. संस्कृतातील ज्ञान प्राकृतात आणले म्हणून काशीच्या पंडितांनी त्यांस जाब विचारला आणि त्यांनी तो दिला, असे परंपरा सांगते. ती कथा जशीच्या तशी घडली असो वा नसो, तिच्यात भाषांतराचा धर्म सांगितलेला आहे: जो शब्द लोकांपुढे ठेवतो त्याने त्या शब्दामागे उभे राहावे. त्याच काशीत १८८३ साली एका मराठी घरात बाबूराव विष्णु पराडकर जन्मले. ‘आज’ ह्या हिंदी दैनिकाचे ते पुढे नामांकित संपादक झाले, आणि राष्ट्रपति, मुद्रास्फीति असे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय त्यांस दिले जाते. १९५५ साली ते निवर्तले, परंतु त्या शब्दांचा धनी कोण हे आजही सांगता येते.

यंत्राच्या शब्दाला असा धनी नसतो. म्हणून त्याचा शब्द जो उचलतो तोच त्याचा धनी होतो. भाचीने ते वाक्य व्यासपीठावरून म्हटले असते तर हसणारे तिला हसले असते, यंत्राला नव्हे. मुलांना यंत्राची भीती घालू नये, आणि त्याची पूजाही शिकवू नये. त्यांना एवढेच सांगावे की, त्याच्याकडून हवे ते घे, परंतु ज्याच्यामागे तुला उभे राहता येईल तेवढेच आपले म्हण.

आता वाचकांस एक विनंती. ह्या लेखात मी काही साले, काही नावे आणि काही संख्या दिल्या आहेत. त्या मी सांगितल्या म्हणून मान्य करू नयेत. एखाद्या रविवारी मुलांना बरोबर घेऊन, ग्रंथालयात जाऊन, वाटल्यास यंत्रालाही विचारून, त्या ताडून पाहाव्यात. काही वावगे आढळल्यास मुलांनी आपल्या अक्षरात कार्यालयाच्या पत्त्यावर पत्र टाकावे. त्या पत्राचे उत्तर देण्यास मी बांधलेली आहे.